उसतोडीला जाणाऱ्या बायका-मुलींना फिल्म करायला शिकवायचंय, कॅमेरा कोणता घेऊ?

ताई, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमची संस्था शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये, उसतोडीला जाणाऱ्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांतल्या बायका आणि किशोरवयीन मुलींसोबत काम करते. एका देणगीदाराने पाच दिवसांच्या फिल्म-प्रशिक्षणाला पैसे दिलेत आणि शेवटी दहा मिनिटांची फिल्म मागितली आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, पाच दिवसांत काय शिकवावं, गावातली पोरं प्रशिक्षणात घुसतात त्यांचं काय करावं आणि कॅमेरा समोर आला की बायका गप्प होतात त्यांना बोलतं कसं करावं, हे तुम्ही विचारलंय. जाता जाता असंही लिहिलंय की गटातल्या एका बाईला गावाने मागे डाकीण ठरवलं होतं, तिची गोष्ट घेतली तर फिल्म फार प्रभावी होईल.

मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करते. कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देते. त्याआधी मला तुमच्या आखणीतली एक जागा रिकामी दिसते. फिल्म तयार झाली की ती सगळ्यात आधी कोण बघणार? आणि ‘हे दाखवायचं नाही’ म्हणायचा हक्क कोणाला? तुम्ही लिहिलंय त्यावरून तो हक्क बराचसा देणगीदाराकडे आहे, थोडा तुमच्याकडे आहे आणि बायकांकडे काहीच नाही. हे आधी ठरलं नाही तर बाकीचं सगळं, अगदी बायकांचं गप्प राहणंसुद्धा, तिथेच अडकून पडेल.

गप्प राहण्याचंच बघा. आपण म्हणतो त्या लाजतात. माझा अनुभव असा की त्या हिशेब करत असतात, आणि हिशेब बरोबर असतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीचे पैसे, घेतलेली आहे, दिवाळीनंतर कोयता घेऊन त्याच्याच टोळीत गुजरातेत बारडोलीकडे जायचंय. कारखान्यावर पाण्याचे, संडासाचे, रात्रीच्या भीतीचे काय हाल असतात ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि ते मुकादमाच्या मोबाईलवर पोचलं, तर पुढच्या वर्षी त्या जोडप्याला काम मिळणार नाही. घरी सासरा आहे, दीर आहे. तुम्ही पाच दिवसांनी निघून जाल, ती तिथेच राहणार. हे सगळं तिला कळतं, म्हणून ती पदर तोंडाला लावून हसते. तिला बोलतं करायची युक्ती शोधू नका. जे बोललं ते तिला स्वतःला पुसता येतं हे तिने डोळ्यांनी बघितलं की ती आपणहून बोलते.

म्हणून माझ्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी ओळख-भाषण, दीपप्रज्वलन काही नसतं. गोल बसायचं आणि फोन एकीच्या हातात द्यायचा. ती शेजारणीचं चित्रण करते, शेजारीण नाव सांगते आणि आवडीची एक गोष्ट सांगते. मग फोन पुढे. एक फेरी झाली की लगेच सगळ्यांनी मिळून बघायचं. हा खेळ जगभर सामुदायिक व्हिडिओच्या कामात खेळतात, माझा शोध नाही. मी त्याला एक जोड देते: बघून झाल्यावर ज्या बाईला आपला भाग ठेवायचा नसेल तिने स्वतःच्या बोटाने तो पुसून टाकायचा. पहिल्या वेळेला जवळजवळ प्रत्येक गटात कोणीतरी पुसतं. एका गावातल्या आजीने स्वतःचा भाग पुसला, हात झटकले आणि म्हणाली, ‘आता काढ पुन्हा.’ दुसऱ्या खेपेला ती थांबेचना. पुसणं हा माझ्या प्रशिक्षणातला पहिला धडा आहे, चित्रण दुसरा.

हा विचार नवा नाही. 1967 मध्ये कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो चित्रण करायला गेले. मच्छीमारांची वस्ती, सरकार त्यांना बेटावरून उठवायच्या विचारात. लो यांनी एक मोठा माहितीपट करायच्या ऐवजी लोकांच्या बोलण्याच्या दोन डझनांहून जास्त छोट्या फिल्म केल्या, त्या आधी बेटावरच्या लोकांनाच दाखवल्या आणि त्यांच्या संमतीने मग सरकारकडे नेल्या. मंत्र्यांनी त्यावर दिलेलं उत्तरही चित्रित करून बेटावर परत आणून दाखवलं. लोक बेटावरच राहिले, त्यांनी सहकारी संस्था उभी केली. ते काही एकट्या फिल्ममुळे झालं नाही, पण दाखवण्याचा क्रम बघा: आधी बोलणारा, मग त्याचा गाव, मग सरकार. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर अहमदाबादच्या ‘सेवा’चं, म्हणजे कष्टकरी बायकांच्या संघटनेचं घ्या. 1984 मध्ये अमेरिकेच्या व्हिडिओकार मार्था स्टुअर्ट यांनी तिथल्या वीस बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्या चित्रण शिकल्या, संकलन शिकल्या आणि पुढे ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली. तेव्हा ‘अशिक्षित बायकांना जमेल का’ ही शंका देणगीदाराने काढली तर हे उदाहरण सरळ त्यांच्यापुढे ठेवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण मी तुमची गावं बघितलेली नाहीत. गटातल्या किती जणींकडे स्वतःचा फोन आहे आणि किती जणींचा ‘घरातला’ म्हणजे नवऱ्याचा आहे, यावर बरंच ठरतं. गावात मुकादमाचंच घर मोठं असेल आणि प्रशिक्षण त्याच्या ओसरीत घ्यावं लागणार असेल तर ते घेऊच नका. अंगणवाडी बघा, शाळा सुटल्यानंतरचा वर्ग बघा, नाहीतर चिंचेखाली बसा. तुमच्यापैकी कोणाला पावरी किंवा भिली चांगली येते का? येत नसेल तर गावातलीच एखादी मुलगी मानधन देऊन सोबत घ्या. मराठीत बोलायला लावलं की या बायका शाळेत उभं राहिल्यासारख्या बोलतात, दोन वाक्यांत संपतात. पश्चिम पट्ट्यातली आमची अहिराणी बोलणारी म्हातारी माणसंसुद्धा प्रमाण मराठीत विचारलं की ‘माले काही समजस नही’ म्हणून मोकळी होतात, आणि अहिराणीत विचारलं की तासभर सांगतात. फिल्म त्यांच्या बोलीतच होऊ द्या, मराठी ओळी खाली टाकता येतात.

पाच दिवस सलग घेऊ नका. सलग पाच दिवसांत हाताला सवय होत नाही, आणि रोज बुडतो तो वेगळाच. मी दोन दिवस घेते, मध्ये आठ-दहा दिवसांची सुट्टी देते, मग दोन दिवस, मग पुन्हा अंतर आणि शेवटचा दिवस संकलन आणि बघण्यासाठी. मधल्या दिवसांत फोन गटाकडे राहतो आणि खरं शिकणं तेव्हाच होतं. त्या दिवसांची मजुरी द्या, गावात त्या हंगामात जो रोज चालू असेल तेवढी. ‘प्रशिक्षण फुकट देतोय, वर पैसे कशाला’ असं देणगीदार म्हणेल. ज्या बाईचं घर रोजावर चालतं तिच्यासाठी फुकट काहीच नसतं, हे त्यांना समजावून सांगणं तुमचं काम आहे.

हंगामाचा विचार तर सगळ्यात आधी. पेरणीच्या दिवसांत कोणी येणार नाही. दिवाळी झाली की गाव रिकामं. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, होळीला मंडळी परततात, पण तो आठवडा आनंदाचा असतो, त्यात प्रशिक्षण घुसवू नये. हौसेने ढोल-बासरीचं चित्रण करायचं असेल तर करू द्या. होळीनंतर अक्षय्य तृतीयेपर्यंतचा काळ मला बरा वाटतो. फक्त लवकर परत येणाऱ्या टोळ्या कोणत्या आणि कारखाना बंद होईपर्यंत थांबणाऱ्या कोणत्या, ते आधी विचारून घ्या. शिवाय या दिवसांत पहाटे महू वेचायला बाया जातात, तेव्हा सकाळी नऊच्या आत कोणी मिळणार नाही. तेही वाया जात नाही: मी एका गटाला महू वेचण्याचंच चित्रण गृहपाठ म्हणून दिलं होतं आणि त्यांनी पहाटेच्या उजेडात जे आणलं ते बाहेरच्या कॅमेरामनला सुचलं नसतं. जमिनीवर पडलेलं एकेक फूल, टोपलीचा आवाज, मागे खोकणारं मूल.

शिकवायचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी फार थोडं शिकवते. पहिलं, कॅमेऱ्याची उंची. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका स्वतः फिल्म करतात. वरून खाली बघणारा शॉट त्यांच्यासाठी पाटलाचा, खालून वर बघणारा गुलामाचा, आणि डोळ्याला डोळा भिडवणारा शॉट त्यांच्या संघाचा. हे मी आमच्या बायकांना सांगते आणि मग एकीला खाटेवर उभी करून, एकीला जमिनीवर बसवून दोन्ही बाजूंनी चित्रण करायला लावते. पाच मिनिटांत कळतं, पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरं, एक काम पाच तुकड्यांत दाखवणं. भाकर थापणं घेते, कारण त्यातलं सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. हात, चेहरा, तवा, सगळी चूल दिसेल असा लांबून एक, आणि थापणारीच्या खांद्यावरून एक. प्रत्येक तुकडा मनात दहा मोजेपर्यंत न हलवता धरायचा. एवढं जमलं की संकलनाला कच्चा माल मिळतो. फोन इकडून तिकडे फिरवत सगळं एकाच शॉटमध्ये घ्यायची सवय सगळ्यांनाच असते, ती मोडायला या व्यायामासारखा दुसरा नाही. लिहिण्याची गरज नाही. गोष्टीचा क्रम जमिनीवर सहा चौकोन आखून, खडे, पानं, रांगोळी वापरून मांडतात.

तिसरं, उजेड. चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन आहे. हा माणूस कित्येक वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही आणि घरात बसून, घरातल्या वस्तू मांडून त्यांनी जे फोटो काढले ते जगभर गाजले. जमलं तर मुलींना तिथे एकदा घेऊन जा. उजेडासाठी महागडं काही लागत नाही ही गोष्ट तिथे न बोलता पटते. घरात दाराशी, खिडकीशी बसवून, चेहऱ्याच्या एका बाजूने उजेड येईल असं चित्रण करायला शिकवा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी बाराला डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि पाठीमागे पांढरं आभाळ असलं की सावळा चेहरा फोनला दिसतच नाही. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून उजेड पक्का करायचा, ही एकच खूण नीट शिकवली तरी निम्मं काम होतं.

चौथं आणि सगळ्यात दुर्लक्षित, आवाज. चित्र थोडं धूसर असलं तरी गाव बघतं. आवाज फाटला की दोन मिनिटांत मुलं उठून पळतात. दर वेळी एकीच्या कानाला हेडफोन असलाच पाहिजे, आणि ‘थांबा, ट्रॅक्टर जातोय’ म्हणायचा अधिकार तिचाच. हे काम मी मुद्दाम सगळ्यात बुजऱ्या मुलीला देते. सगळ्यांना थांबवणारी ती पहिल्यांदाच असते.

आता कॅमेरा. फोनच घ्या, आणि एकाच मॉडेलचे तीन घ्या, म्हणजे सगळ्यांना एकच मेनू शिकवावा लागतो आणि रंगही जुळतात. साधे, मधल्या किमतीचे चालतात. मेमरी मात्र 128 जीबी तरी हवी. फुल एचडी चित्रण मिनिटाला साधारण शंभर ते एकशेतीस एमबी खातं, म्हणजे तासाला सहा ते आठ जीबी. फोर-केच्या मोहात पडू नका. कॉलरला लावायचे वायरचे दोन माइक, दोन ट्रायपॉड, हेडफोन, पॉवर बँक, आणि दोन हार्ड डिस्क, एकीची प्रत दुसरीत. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 25 ठेवता आला तर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे 30 वर ट्यूबलाइट कधीकधी लुकलुकते. ठेवता येत नसेल तर दिवसाउजेडी काम करा. चित्रण करताना फ्लाइट मोड, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद. हे शेवटचं विसरू नका, त्याचं कारण खाली येतं. एप्रिल-मे मध्ये फोन उन्हात तापून बंद पडतात, ओल्या फडक्यावर ठेवू नका, नुसती सावली द्या. धडगाव-मोलगीकडे वर गेलात तर नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा ‘क्लाउडवर टाकू’ ही योजना कागदावरच राहील. मोठा कॅमेरा घेतला तर तो संस्थेच्या कपाटात राहतो आणि चित्रण संस्थेचा माणूस करतो, हे मी फार ठिकाणी बघितलंय. मालेगावच्या पोरांनी आपल्या हौशी सिनेमांसाठी सायकलवर कॅमेरामन बसवून ट्रॉलीचे शॉट घेतलेत. साधनाअभावी कोणाचं अडत नाही.

पोरांचं काय करायचं? मुलींचा गट वेगळा, मुलांचा वेगळा. एकत्र घेतलं की पहिल्या तासात फोन मुलांच्या हातात जातो आणि मुली नटायला राहतात. मुलांना हाकलून देऊ नका. त्यांना खान्देशी कॉमेडी करायची असते, यूट्यूबवर ती धो-धो चालते, आणि त्यात कसबही लागतं. करू द्या. फक्त बघताना विचारा की या विनोदात दर वेळी मार कोण खातं, बायकोच का? यावर त्यांच्यात जी चर्चा होते ती भाषणाने होत नाही. मुलींच्या गटाचा फोन मात्र मुलींच्या घरी पाठवू नका. ‘पोरगी मोबाईल घेऊन हिंडते’ एवढ्या एका वाक्यावर शिक्षण थांबतं आणि लग्न ठरतं. फोन बचत गटाच्या पेटीत किंवा अंगणवाडी ताईंकडे ठेवा, जोडीने न्यायचा, जोडीने परत आणायचा, आणि पहिल्या आठवड्यातच आयांना बोलावून त्यात काय चित्रण केलंय ते दाखवा. आया बाजूने असल्या की निम्मी लढाई सोपी होते.

आता त्या बाईबद्दल, ज्यासाठी मी खरं म्हणजे एवढं लिहायला बसले.

तिची गोष्ट घेऊ नका. निदान या वर्षी, या फिल्मसाठी नको. ‘चेहरा धूसर करू’ असं तुम्ही लिहिलंय. चेहरा धूसर केल्याने ती मुंबईच्या प्रेक्षकापासून लपते, शेजाऱ्यापासून नाही. गावाला तिची साडी माहीत आहे, हातावरचं गोंदण माहीत आहे, चांदीचा कडा माहीत आहे, ओट्यावरची भेग माहीत आहे, आणि आवाज तर डोळे मिटून ओळखतील. फाइलमध्ये लोकेशन राहिलं तर परक्यालाही तिचं घर सापडेल. डाकीण ठरवून छळणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा तिच्या झोपडीच्या दारात रात्री उभा नसतो. ‘हिने आपल्या गावाची बदनामी केली’ हा नवा ठपका तिच्यावर बसला, तर तिला वाचवायला तुमच्यापैकी कोण तिथे असेल?

ती स्वतःच म्हणाली की मला सांगायचंय, तर? मग तिला नाकारणंही बरोबर नाही. तेव्हा मार्ग असे असतात. गट मिळून गोष्ट बदलतो, गाव बदलतो, दोन-तीन बायकांचे अनुभव एकात मिसळतो आणि ती नाटक म्हणून करतो. भूमिका दुसरीच करते, ती स्वतः कॅमेऱ्यामागे असते. किंवा चित्रं काढून त्यावर दुसरीचा आवाज. मी एका ठिकाणी हे बाहुल्यांवर केलं, चिंध्यांच्या बाहुल्या बायकांनीच शिवल्या. त्यात गावाने स्वतःला ओळखलं, पण कोणा एकीकडे बोट दाखवता आलं नाही. ती बाई चित्रण करत होती आणि मधूनमधून सांगत होती, ‘असं नाही, तेव्हा पाऊस होता.’ तिचं सांगणं पूर्ण झालं, आणि तिला धोकाही झाला नाही.

याच्या जोडीला एक नियम गटाकडून करून घ्या: कोणी रडायला लागलं की कॅमेरा खाली. विचारायचं, पाणी द्यायचं, त्या दिवशी पुन्हा चालू करायचा नाही. रडणारा चेहरा हा देणगीदाराला आवडणारा शॉट आहे हे मला माहीत आहे. तो घेतल्यावर त्या बाईची संध्याकाळ कशी जाते ते देणगीदाराला दिसत नाही. प्रशिक्षणाच्या आधीच ठरवून ठेवा की कोणी आतलं काही सांगितलं तर पुढे कोणाकडे न्यायचं. मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181, मनाच्या आधारासाठी टेली-मानसचा 14416 हे नंबर भिंतीवर लावा, आणि जवळचं, भरवशाचं एक माणूस ठरवा जे फोनवर खरंच येईल.

कायद्याचं थोडक्यात. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं पोक्सो कायद्याच्या कलम 23 ने बंद आहे, आणि त्यात नाव, पत्ता, शाळा, शेजार, फोटो सगळं येतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आड येतं. अठराच्या आतल्या मुलीचं साधं चित्रण करायचं तरी तिची स्वतःची आणि पालकांची, दोघांची संमती घ्या. आईवडील फडावर असतील तर मुख्याध्यापकांच्या सहीवर भागवू नका, थांबा. आश्रमशाळेत चित्रण करायचं असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी लागते. तुमचं तळोदा की नंदुरबार प्रकल्पात येतं ते बघून घ्या. फिल्मी गाणं मागे लावू नका. हक्काचा प्रश्न येतो, आणि त्यांची स्वतःची रोडाली गाणी असताना ते कशाला?

संमती एकदाच घ्यायची वस्तू नाही. अंगठा उठवून घेतलेला कागद संस्थेला वाचवतो, बाईला नाही. मी तीनदा विचारते: चित्रण करण्याआधी, जोडलेली फिल्म तिने बघितल्यावर, आणि बाहेर दाखवण्याआधी. आणि ‘बाहेर’ म्हणजे काय ते वेगवेगळं विचारते. आपल्या गटाने बघितलं तर चालेल? गावाने? तहसीलदारांनी? व्हॉट्सॲपवर? व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही, ते तुझ्या कारखान्यावरसुद्धा पोचेल, हे मी त्याच शब्दांत सांगते. पुष्कळ बायका गावापर्यंत हो म्हणतात आणि मोबाईलला नाही. तो नकार पूर्ण उत्तर आहे, त्यावर समजूत घालू नका. बोलून घेतलेली संमती फोनवरच चित्रित करून ठेवा, तिच्या बोलीत.

संकलन कसं करायचं? संगणकावर एकच जण बसतो आणि बाकीच्या बघत राहतात, म्हणून मी निर्णय आधी जमिनीवर करून घेते. प्रत्येक तुकड्याचं एक छोटं चित्र कार्डावर काढायचं, कार्डं क्रमाने लावायची, भांडायचं, बदलायची. तो क्रम पक्का झाला की एखादी शिकलेली मुलगी काईनमास्टरसारख्या ॲपवर तो बसवते. दहा मिनिटांचा आग्रह सोडा. पहिली फिल्म चार-पाच मिनिटांची झाली तर पुष्कळ आहे.

मग पहिलं दाखवणं, फक्त ज्यांचं चित्रण झालंय त्यांना, दार लावून. काढायचं ते तेव्हाच काढायचं. त्यानंतर गावाला, अंधार पडल्यावर शाळेच्या भिंतीवर, भाड्याच्या प्रोजेक्टरवर. साहेबांना पहिल्या खेळाला बोलावू नका. साहेब आले की गाव त्यांच्या तोंडाकडे बघत बसतं आणि फिल्मवर कोणी बोलत नाही. गावाने बघून, बोलून, ग्रामसभेत मांडायचं ठरवलं तर मांडा. तुमची गावं पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणाऱ्या कायद्याखालची असतील, तर ग्रामसभेच्या ठरावासोबत फिल्म गेली की तिला वजन येतं. पाण्याच्या टाकीवरच्या एका चार मिनिटांच्या फिल्मचं असं झालेलं मी बघितलंय. टाकी दुरुस्त झाली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर केलेल्या एका फिल्मचं मात्र गटाने ठरवलं की ती फक्त आई-मुलींच्या बैठकीत दाखवायची, कारण बाहेर गेली तर मुलींच्या सोयरिकी मोडतील. दोन्ही निर्णय मला सारखेच महत्त्वाचे वाटतात.

देणगीदाराशी हे सगळं आत्ताच बोला, फिल्म झाल्यावर नको. करारात प्रशिक्षण वेगळं आणि फिल्म वेगळी लिहा. फिल्म जाहीर करायची की नाही हा निर्णय गटाचा, हे वाक्य लेखी हवं. त्यांना पुरावा लागतो हे समजू शकते. त्यासाठी प्रशिक्षणाचे फोटो, बायकांच्या हातांचे, पाठमोरे, आणि तुमचा अहवाल द्या. कोणीच मान्य करणार नाही असं तुम्हाला वाटत असेल. नीट समजावलं तर बरेच जण मान्य करतात. जो अजिबात मान्य करत नाही त्याच्या पैशाने हे काम करू नये, साक्षरतेचं, शिवणाचं काहीही करावं.

आणि पुढचं वर्ष? फोन गटाकडेच राहू द्या, दुरुस्तीला थोडे पैसे बाजूला ठेवा आणि महिन्याला एक छोटं काम द्या: रेशन दुकान उघडलं का, अंगणवाडीत आहार आला का. एखादी मुलगी लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागली तर आनंदच आहे. पण ‘सिनेमात काम मिळेल’ असं कोणाला सांगू नका.

मला तीन गोष्टी कळवा: किती जणींकडे स्वतःचा फोन आहे, टोळ्या साधारण कधी परततात, आणि तुमच्यात पावरी बोलणारं कोण आहे. मग दिवसांची आखणी मी लिहून पाठवते. त्या बाईशी मात्र तोपर्यंत फिल्मचा विषय काढू नका, आणि आधीच काढला असेल तर ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत मला सांगा.